शंभर दाण्यांचा शेकडा



फाल्गुन लागला की गावात दोन ठिकाणी घाई असते. एक खळ्यावर, दुसरी शाळेत. खळ्यावर मळणीयंत्र भुसाचा धुरळा उडवीत असते आणि शाळेत राहिलेले धडे उरकण्याची लगबग चाललेली असते. ऊन तापू लागले म्हणून शाळा सकाळची झालेली. पोरे दुपारच्या आत घरी येतात, दप्तर ओट्यावर भिरकावतात आणि जी पळतात ती थेट रानात. तिथे हरभरा उपटून वाळत पडलेला असतो, गहू पिवळा पडलेला असतो, बांधावरचा पळस पेटल्यासारखा फुललेला असतो, आंब्याचा मोहोर झडून वाटाण्याएवढ्या कैऱ्या धरू लागलेल्या असतात. म्हणजे ज्या दिवसांत शेतात पाहण्या-शिकण्यासारखे सर्वांत जास्त असते, नेमकी त्याच दिवसांत शाळा पुस्तकात मान घालून बसलेली असते. आज त्याविषयीच थोडे बोलायचे आहे.

शाळेत शेती अजिबात नसते असे नाही. असते, पण कशी असते ते पाहा. आता खेड्यापाड्यांतूनही इंग्रजी बालवर्ग निघाले आहेत, पिवळ्या गाड्या पोरांना नेतात-आणतात. अशा वर्गाच्या भिंतीवर शेतीचा एक तक्ता पुष्कळदा टांगलेला दिसतो. त्यात लाल लाकडी कोठार, पांढऱ्या कुंपणाआड गुबगुबीत डुकरे, तळ्यात बदके आणि गमबूट घालून उभा असलेला शेतकरी. शेजारी वसंत ऋतूचा तक्ता, त्यात वितळणारे बर्फ आणि उड्या मारणारी कोकरे. तक्ता खोटा नाही; ज्या मुलखात बर्फ पडते तिथे तो खराच आहे. पण त्यात बांध नाही, बाभळ नाही, विहीर नाही, बैल नाही आणि खुरपणीपासून काढणीपर्यंत जी वाकलेली असते ती बाई तर कुठेच नाही. पोरगे त्या चित्राखालचा ‘फार्मर’ शब्द पाठ करते. संध्याकाळी ज्याच्या मांडीला मांडी लावून आपण जेवतो तोच तो फार्मर, हे त्याच्या ध्यानीमनीही येत नाही.

मराठी शाळेतली तऱ्हा निराळी. तिथे शेतकरी निबंधात असतो. ‘शेतकरी आपला अन्नदाता आहे’ या वाक्याने निबंध सुरू होतो आणि साऱ्या वर्गाचा तो सारखाच असतो. शेतकऱ्याचे पोरही तेच लिहिते. बापाला अन्नदाता म्हणून पाचांपैकी चार गुण मिळवते. पण बापाने पोत्यात राखून ठेवलेल्या बियाण्यातले शंभरात किती दाणे उगवतील, हे गणित त्याला कोणी घालत नाही. जो हिशेब चुकला तर घराचे वर्ष बुडते, तो वर्गात नाही, आणि हौदाला लावलेल्या दोन नळांचा हिशेब मात्र आहे. एक नळ हौद भरतो, दुसरा रिकामा करतो. दुसरा बंद का करत नाहीत, हे आजवर कोणी सांगितलेले नाही!

आता काय करता येते ते सांगतो. याला पैसा लागत नाही, वेगळी खोली लागत नाही. घरून मूठभर दाणे लागतात आणि गुरुजींची इच्छा लागते. (हल्ली ‘सर’ आणि ‘मॅडम’ म्हणतात, आमच्या तोंडी गुरुजी आणि बाईच बसले आहे, चालवून घ्या.)

दुसरी-तिसरीच्या पोरांना हजार म्हणजे केवढे हे उमगत नाही. फळ्यावर एकावर तीन शून्ये दिली की हजार झाले, पण ते डोळ्यांना दिसत नाहीत. वर्गात ज्वारीची चार-पाच कणसे न्यावीत, मालदांडी असेल तर फारच छान. एकेक कणीस चोळून दाणे सुपात घ्यावेत आणि चार-चार पोरांनी मिळून मोजायला बसावे. दहा दाण्यांची चिमूट, दहा चिमटींची ढिगली, दहा ढिगल्या झाल्या की हजार. चांगल्या भरलेल्या कणसात हजार-दीड हजार दाणे सहज निघतात. मोजता मोजता कोणाचा तरी गुडघा लागून ढिगली मोडते, भांडण होते, पुन्हा मोजावे लागते. होऊ द्यावे. एकक, दशक, शतक ही नावे पाठ करण्यापेक्षा हा तंटा बरा.

मोजून झाले की खरा प्रश्न घालावा. एका दाण्याचे हजार झाले. तुझ्या बापाने एकरी चार किलो बी पेरले. मग चार हजार किलो, म्हणजे चाळीस क्विंटल ज्वारी व्हायला पाहिजे होती. कोरडवाहू रानात पाच-सहा क्विंटल आली तरी आपण बरी म्हणतो. बाकीची गेली कुठे?

या प्रश्नावर वर्ग जो तुटून पडतो तो बघावा. एक म्हणतो, पाखरांनी खाल्ली. दुसरा म्हणतो, सगळे बी उगवलेच नव्हते. कोणी खोडमाशीचे नाव घेते, तिच्या पायी पोंगे जळतात हे त्याने बापाच्या तोंडून ऐकलेले असते. एखादी पोरगी सांगते, आईने आणि मी विरळणी केली, तेव्हा कितीतरी रोपे आम्हीच उपटली. कोणी म्हणतो, पाणीच नव्हते, कणसे वीतभरसुद्धा भरली नाहीत. प्रत्येक उत्तर बरोबर असते. पुस्तकातल्या गणिताला उत्तर एकच असते आणि ते शेवटच्या पानावर छापलेले असते. इथे पोरांना पहिल्यांदा कळते की हिशेब आणि वस्तुस्थिती यांच्यात जे अंतर पडते, त्यालाही कारणे असतात आणि ती शोधता येतात. विज्ञान म्हणजे दुसरे काय असते?

मोहोराचेही असेच. शाळेच्या आवारात किंवा वाटेवर आंबा असला तर पाच तुऱ्यांना रंगीत दोरे बांधावेत आणि दर सोमवारी त्या तुऱ्यावर किती कैऱ्या उरल्या ते वहीत मांडावे. एका तुऱ्याला हजारांच्या घरात फुले असतात. त्यातली पुष्कळशी नुसती नर फुले, त्यांना फळ धरतच नाही. बाकीच्यांतून जी धरतात तीही वाऱ्याने, उन्हाने झडतात आणि शेवटी दोरा बांधलेल्या तुऱ्यावर एक-दोन कैऱ्या लोंबताना दिसतात. काही तुरे रिकामेच. वजाबाकी तर होतेच, शिवाय मोहोरावर घोंघावणाऱ्या माश्या कशासाठी येतात हेही कळते. त्या माश्यांनी आणि किड्यांनी पराग नेला-आणला नाही तर ती एक-दोन कैरीही नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. पोरांना शाळेत शेकडेवारी असते. गुणिले शंभर, भागिले एकूण, असे सूत्र घोकतात आणि विसरतात. शेकडा हा शब्द किती सोपा आहे! शंभरात किती, एवढेच. मग शंभर मोजूनच घ्यावेत की.

ज्यांच्या घरी सोयाबीन आहे त्यांना हे नीट ठाऊक असेल. पुढच्या मृगासाठी आपण घरचेच सोयाबीन राखून ठेवतो. विकतचे बियाणे महाग, आणि सोयाबीन हे सरळ वाणाचे पीक असल्याने घरचे बी दोन-तीन वर्षे चालते. पण हा दाणा नाजूक. साल पातळ, आतला अंकूर सालीला लागूनच. मळणीयंत्राचे फेरे जास्त ठेवले, पोती उंचावरून आपटली, थप्पी उंच रचली की दाणा वरून ठणठणीत दिसतो आणि आत मेलेला असतो. जूनमध्ये पाऊस येतो, पेरणी होते आणि आठ दिवसांनी रान मोकळेच. मग दुबार पेरणी. बियाणे पुन्हा, ट्रॅक्टरचे भाडे पुन्हा, मजुरी पुन्हा, आणि ओल निघून गेलेली. दुबार पेरणीने घरात काय होते हे तुम्हाला मी सांगायला नको.

हे टाळायची चाचणी आठ दिवसांची आहे आणि दहा वर्षांचे पोर ती करू शकते. पोत्याच्या तळातून, मधून आणि वरून थोडे थोडे बी काढावे. त्यातून न निवडता शंभर दाणे मोजावेत. ‘न निवडता’ हे पोरांना दोनदा सांगावे लागते, कारण त्यांचा हात टपोऱ्या दाण्याकडेच जातो. आपल्या घरचे बी वर्गात पहिले यावे असे त्यांना वाटते. गोणपाटाचा तुकडा स्वच्छ धुऊन ओला करावा, पिळावा, जमिनीवर पसरावा आणि त्यावर दहा ओळींत दहा-दहा दाणे बोटभर अंतराने मांडावेत. वरून दुसरा ओला तुकडा घालून हलक्या हाताने गुंडाळी करावी आणि ती सावलीत ठेवावी. सकाळ-संध्याकाळ पाण्याचा शिपका द्यावा; गोणपाट ओले राहिले पाहिजे, पण त्यातून पाणी गळता कामा नये. सातव्या-आठव्या दिवशी उलगडावे आणि ज्यांना चांगला, धडधाकट कोंब आलाय तेच मोजावेत. कुजलेले, अर्धवट फुटलेले, वाकडेतिकडे मोजायचे नाहीत. अशा तीन-चार गुंडाळ्या कराव्यात आणि सरासरी काढावी. एकाच गुंडाळीवर भरवसा का ठेवायचा नाही, हे पोरांनाच विचारावे.

समजा सरासरी बहात्तर आली. म्हणजे शेकडा बहात्तर. सोयाबीनला सत्तर टक्के उगवण असली की बी पेरणीयोग्य धरतात आणि एकरी तीस किलो पेरतात. समजा साठच आली. मग त्रैराशिक मांडायचे: सत्तरला तीस किलो लागते, तर साठला किती? उलटे त्रैराशिक आहे, उगवण कमी तर बी जास्त. तीस गुणिले सत्तर, भागिले साठ, बरोबर पस्तीस किलो. एकराला पाच किलो बी जास्त. तीन एकर पेरायचे असतील तर पंधरा किलो. ते घरात आहे की नाही, हे चैत्रातच कळले. त्याहूनही फारच कमी निघाले तर बियाणे बदलायचे की काय करायचे, हे मोठ्या माणसांनी कृषी खात्याच्या माणसाला विचारून ठरवायचे. पण ठरवायला हातात दोन महिने मिळाले ना! उन्हाळ्यात उगवण आणखी घसरू शकते, म्हणून मेच्या अखेरीस घरी पुन्हा एकदा हीच चाचणी करावी. शाळेला तेव्हा सुटी असते, पण पोराला एव्हाना सगळे येत असते, आजोबांना शेजारी बसवून ते करते.

तूर, उडीद, भुईमूग, कशालाही ही रीत चालते. फक्त एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. दुकानातून आणलेले, औषध चोळलेले बी पोरांच्या हातात कधीही देऊ नये. त्या दाण्यांवर गुलाबी, निळा रंग दिसतो, तो विषाचा असतो. चाचणी घरच्या, काहीही न लावलेल्या बियाण्याचीच. तसेच नुकत्याच फवारलेल्या रानात वर्ग नेऊ नये आणि विहिरीच्या काठावर गुरुजींशिवाय कोणी वाकू नये.

आणखी एक करण्यासारखे आहे, ते पाचवीला. तेहतीस फुटांची एक दोरी घ्या. शाळेच्या मैदानात तिने चार बाजू आखा आणि चार खुंट्या ठोका. कोपरा काटकोनात आला की नाही हे तीन-चार-पाचच्या दोरीने तपासा, गावातला कोणताही गवंडी ते दाखवील. झाला एक गुंठा. तेहतीस गुणिले तेहतीस, एक हजार एकोणनव्वद चौरस फूट. असे चाळीस म्हणजे एकर. पोरे रोज गुंठे-एकर ऐकतात, पण गुंठ्याच्या आत उभे राहून पाहिलेले नसते. मग घरच्या सातबाऱ्याची झेरॉक्स आणायला सांगा. तिथे गुंठे नसतात, हेक्टर आणि आर असतात. आर म्हणजे शंभर चौरस मीटर, गुंठ्याहून किंचित लहान. सातबाऱ्यावर ०.८१ लिहिलेले असेल तर ते दोन एकर. शून्यानंतरच्या त्या टिंबाला किती किंमत आहे, हे पोराला असे कळले की दशांश अपूर्णांक पुन्हा शिकवावा लागत नाही. दोन भावांच्या वाटणीत टिंब कुठे पडले यावरून कोर्टकज्जे झालेले आपण ऐकतोच. पोराला सातबारा वाचता आला तर घरात निदान एक माणूस कागद वाचणारा झाला.

आता तुमच्यातल्या पुष्कळांच्या, विशेषतः माउल्यांच्या, मनात जे आले असेल त्याकडे वळतो. ‘आम्ही मातीत गेलो ते गेलो. पोरांनी तरी मातीत जाऊ नये म्हणून पोटाला चिमटा घेऊन शाळेत घालतो. आणि शाळेतही तुम्ही त्यांना ज्वारीच मोजायला लावणार? हे तर घरीसुद्धा होते!’

हे बोलणे चुकीचे नाही आणि आजचेही नाही. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि सूतकताई, शेती अशा एखाद्या उद्योगातून सगळे विषय शिकवावेत असा विचार तिथे पुढे आला. नई तालीम तिचे नाव. तेव्हाही लोकांनी हेच विचारले होते की गरिबांच्या पोरांना टकळी आणि साहेबांच्या पोरांना पुस्तक असे का? पुढे ती योजना बहुतेक ठिकाणी विरून गेली. काही ठिकाणी टकळी तेवढी राहिली आणि तीतून शिकवायचे ते राहून गेले. मग लोक कंटाळले तर नवल काय? सेवाग्रामला मात्र २००५ पासून आनंद निकेतन ही शाळा त्याच वाटेने चालते आहे आणि तिथली पोरे शेतात काम करतात तशीच गणित-विज्ञानही करतात.

माझे म्हणणे असे, की शाळेने शेती शिकवू नये. ती शिकवायला तुम्ही आहात, आणि बहुतेक गुरुजींपेक्षा चांगली शिकवाल. शाळेने शेतीतून गणित शिकवावे, भाषा शिकवावी, तपासून पाहण्याची सवय लावावी. त्रैराशिक पक्के झालेले पोर उद्या बँकेत बसेल, दवाखान्यात बसेल नाहीतर ट्रॅक्टरवर बसेल. कुठेही बसले तरी त्याला कोणी सहजासहजी फसवणार नाही. सावकाराच्या चोपडीत काय लिहिले आहे हे न कळल्याने कुणब्याचे काय झाले, ते जोतीराव फुल्यांनी आयुष्यभर सांगितले. त्याच जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळेत काय असावे याची यादी आहे. मोडी आणि बाळबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, व्याकरण, नीतीचे आणि आरोग्याचे चार धडे, आणि त्यांच्याच बरोबरीने शेतीचे प्राथमिक ज्ञान. एवढेच नव्हे तर शिक्षक शेतकरी समाजातून यावेत, गरज पडली तर नांगराची मूठ धरायला त्यांना लाज वाटू नये, असेही त्यांनी म्हटले. हिशेब आणि शेती ही दोन्ही त्यांनी एकाच यादीत मागितली, एकाच्या बदल्यात दुसरे नव्हे. दीडशे वर्षे होत आली त्या मागणीला.

मात्र एक भेद सांभाळला पाहिजे. शाळेच्या परसबागेतल्या मेथीला हात धुतलेले पाणी घालणे हा धडा आहे. धड्याच्या नावाखाली वर्ग कुणाच्या रानात हरभरा उपटायला नेणे हा धडा नव्हे, ती वेठ आहे. असे कुठे होत असेल तर आईबापांनी शाळेत जाऊन विचारावे. आणि घरीही तेच लागू. सुगीत हात कमी पडतात, मजूर मिळत नाही, हे सगळे खरे. पण परीक्षेच्या तोंडावर पोरगी पंधरा दिवस घरी राहते ती बहुधा हरभऱ्यासाठी राहत नाही, धाकट्या भावाला सांभाळायला राहते. आई रानात, आजी थकलेली, मग दहा वर्षांची ताईच घरची बाई. हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजर, गैरहजर पडत जाते.

यावर उपाय निघाला होता आणि तो आपल्याच महाराष्ट्रात. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्या जोडीला आल्या. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आता तो भाग पालघरमध्ये येतो. वारल्यांच्या पाड्यावरची पोरे शाळेत येईनात. का येत नाहीत म्हणून पाहिले तर कोणी गुरे राखत होते, कोणी धाकट्याला कडेवर घेऊन होते. पोरे येत नाहीत म्हणून नावे ठेवत न बसता या बायांनी शाळाच उचलली. पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरवली. गुरे चरतात त्या माळावर शाळा नेली, तिला कुरणशाळा म्हणत. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली आणि तिचे नाव विकासवाडी ठेवले. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत, आणि थोरली मोकळी होऊन वर्गात. शिकवायची साधनेही परदेशी, महागडी नव्हती. बिया, पाने, खडे, शिंपले, जे पोरांच्या हाताला रोज लागते तेच. ताराबाई १९७३ साली गेल्या, अनुताई १९९२ साली. आज गावोगाव अंगणवाडी आहे, पण तिचे उगमस्थान अशा अंगणात आहे हे फार थोड्यांना माहीत असते. आपल्या गावच्या अंगणवाडीची वेळ सुगीत शाळेच्या वेळेशी जुळते का, एवढे जरी पंचायतीत बसून पाहिले तरी चार पोरी मार्च महिन्यात वर्गात दिसतील.

आणि एक पोरगे आहे, ते याच दिवसांत गावात परत येते. त्याचे आईबाप दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यावर गेलेले असतात. हंगाम संपतो फाल्गुन-चैत्रात. कुठे हंगामी वसतिगृहाची सोय झाली तर पोर गावी राहते, नाहीतर तेही उसाच्या फडात. परत येते तेव्हा परीक्षा आठ-पंधरा दिवसांवर. वर्ग पुढे गेलेला. ते मागच्या बाकावर बसते, त्याला कोणी काही विचारत नाही आणि तेही काही बोलत नाही.

त्या पोराला उठवून विचारा. मोळी किती उसांची बांधतात? गाडीत किती मोळ्या बसतात? काट्यावर वजन किती भरते? तुझ्या बापाने उचल किती घेतली होती आणि किती टन तोडला म्हणजे ती फिटते? बघा ते पोर कसे बोलते. टनाचा आकडा त्याला पाठ असतो, कारण रात्री पालात आईबाप दुसरे काही बोलतच नसतात. भागाकाराचे खूण-चिन्ह त्याला येत नसेल, पण भागाकार येतो. ते चिन्ह शिकवायला किती वेळ लागतो? उचलीचा हिशेब ज्याला कागदावर मांडता आला, त्याच्या बापाशी मुकादमाला पुढच्या वर्षी जरा सांभाळून बोलावे लागेल.

शेवटी भाषेचे एक काम, तुम्हा सगळ्यांसाठी. मळणीयंत्र आले, हार्वेस्टर आले, कष्ट वाचले, फार बरे झाले. पण यंत्राबरोबर खळे गेले आणि खळ्याबरोबर शब्द चालले. तिवडा म्हणजे खळ्याच्या मधोमध रोवलेला खांब, हे आजच्या किती पोरांना ठाऊक? पात म्हणजे कणसे तुडवत फिरणारी बैलांची जोडणी. वावडी म्हणजे जिच्यावर उभे राहून वाऱ्यावर धान्य उफणायचे ती तिपाई. मापटे, चिपटे, कोळवे, निळवे ही मापे. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर. दुपटीचा पाढाच की हा! पोरांनी एक वही करावी आणि आजीजवळ बसून असे शब्द लिहून घ्यावेत. शब्द, त्याचा अर्थ, आणि जमले तर शेजारी चित्र. आजीला चष्मा नसला तरी चालेल, आठवण आहे तेवढी पुरे.

गंमत अशी की गाव बदलले की शब्द बदलतो. शेतातच जाळावर भाजलेल्या हरभऱ्याच्या डहाळ्यांना कोणी हावळा म्हणते, कोणी हुळा, कोणी होळा. पाभर कुठे तिफण होते, कुळव कुठे वखर होतो. तुमच्याकडे काय म्हणतात? वावडीला, तिवड्याला, उफणताना भुसाबरोबर उडून पडणाऱ्या हलक्या दाण्याला? पोरांकडून पोस्टकार्डावर लिहून घ्या आणि आमच्याकडे धाडा. गावाचे आणि तालुक्याचे नाव घालायला विसरू नका. अक्षर वेडेवाकडे असले तरी चालेल, पण ते पोराचेच असावे, तुम्ही लिहून देऊ नका.